३६० अंशांचे फोटो, तक्रारी आणि अभिप्राय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅनोरमा, म्हणजे बहुधा अनेक फोटो जोडून केलेला चौफेर फोटो, शेअर करण्याचं कुठलंही संकेतस्थळ घ्या, वापरणाऱ्यांच्या तक्रारी साधारण त्याच असतात. दोष पडद्यावर दिसतो म्हणून तक्रार संकेतस्थळाकडे जाते; पण तो बऱ्याचदा ट्रायपॉडवर, फोटो जोडताना किंवा फाइल पाठवताना शिरलेला असतो. म्हणून आधी दोष कुठला ते ओळखायचं आणि मग कुणाला, कसं कळवायचं ते ठरवायचं, याच क्रमाने खालची उत्तरं लिहिली आहेत.

३६० अंशांचा फोटो अपलोड केला, पण तो फिरत नाही. नुसती आडवी, वाकडीतिकडी पट्टी दिसते. का?

आधी प्रमाण तपासा. पूर्ण गोलाचा फोटो ३६० अंश रुंद आणि १८० अंश उंच असतो, त्यामुळे रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट लागते: ८०००×४०००, ११००८×५५०४ वगैरे. कडेचे दोन-चार पिक्सेल कापले गेले आणि फाइल ८०००×३९९६ झाली, तर अनेक ठिकाणी ती साधा फोटो म्हणून धरली जाते.

प्रमाण बरोबर असेल तर फाइलमध्ये फोटोसोबत साठवलेली माहिती (मेटाडेटा) पाहा. गूगलने रूढ केलेल्या 'जीपॅनो' टॅगांपैकी 'प्रोजेक्शन टाइप' या रकान्यात 'इक्विरेक्टँग्युलर' (गोल सपाट आयतात उलगडण्याची पद्धत) असं लिहिलेलं असावं लागतं. फोटोशॉपच्या 'सेव्ह फॉर वेब'मध्ये मेटाडेटा पूर्ण ठेवण्याचा पर्याय निवडला नाही, तर ही माहिती गळते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की माहितीही जाते आणि आकारही घटतो. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गळलेले टॅग एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने परत घालता येतात. काही संकेतस्थळं अपलोडनंतर 'हा ३६० फोटो आहे' अशी खूण करू देतात, ती सापडली तर हे सगळं करायची गरज नाही.

फोनच्या पॅनोरमा मोडने काढलेला लांबट फोटो चालतो का?

चालतो, पण तो गोल नसून दंडगोल असतो. वर-खाली २५–३० अंशांपर्यंत फरक फारसा जाणवत नाही; त्यापुढे छपरं आणि झाडांचे शेंडे ताणलेले दिसतात. अशा वेळी ह्यूजिन या फोटो जोडण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटो 'सिलिंड्रिकल' म्हणून उघडून 'इक्विरेक्टँग्युलर' करून घ्या. उरलेली जागा काळी भरून २:१ करण्याऐवजी कापलेल्या भागाचे टॅग भरा: पूर्ण आकार १२०००×६०००, प्रत्यक्ष चित्राची उंची २०००, वरून अंतर २०००. मग प्रेक्षकाला काळं आकाश पाहावं लागत नाही, दृश्य तिथेच थांबतं.

फाइल चांगली मोठी आहे, तरी पडद्यावर धूसर का दिसते?

साध्या दृश्यात एका वेळी सुमारे ९० अंश दिसतात, म्हणजे पॅनोरमाचा चौथा हिस्सा. ६००० पिक्सेल रुंद फोटोचे १५०० पिक्सेल १९२० रुंदीच्या पडद्यावर ताणले की ते धूसर दिसणारच. पिक्सेलला पिक्सेल हवा असेल तर किमान ७६८० रुंदी लागते, आणि प्रेक्षकाने दुप्पट झूम केल्यावरही टिकायचं असेल तर १५३६०. ६०००×३००० म्हणजे १८ मेगापिक्सेल; हा आकडा साध्या फोटोसाठी भरपूर आहे, गोलासाठी बेताचाच.

सॉफ्टवेअरने फोटो मोठा करून ही कमतरता भरून निघत नाही. दोन भिंगांच्या छोट्या कॅमेऱ्यांत दोन्ही भिंगांच्या कडा मुळातच मऊ असतात. महत्त्वाचा विषय जोडरेषेवर न आणता एका भिंगाच्या मधोमध ठेवला तर जास्त फायदा होतो.

अपलोड १०० टक्के झालं, तरी 'प्रक्रिया सुरू आहे' असंच दिसतं. अडकलं का?

बहुधा नाही. मोठा पॅनोरमा जसाच्या तसा दाखवला जात नाही. त्याचे घनाच्या सहा बाजूंप्रमाणे सहा चौकोन होतात आणि प्रत्येकाचे ५१२ पिक्सेलचे तुकडे पडतात. १६०००×८००० च्या फोटोत एक बाजू सुमारे ५१०० पिक्सेलची होते: बाजूला १०० तुकडे, सहा बाजूंचे ६००, शिवाय कमी झूमसाठी लहान होत जाणारे थर. एकूण ८०० च्या वर फाइली. रांगेत तुमच्या आधी कुणाचा गिगापिक्सेल (अब्जभर पिक्सेलचा) फोटो असेल तर वेळ लागतोच. तेवढ्यात तोच फोटो पुन्हा अपलोड करू नका. रांग आणखी लांबते आणि दोन प्रती तयार होतात.

मर्यादा मात्र लक्षात असू द्या. जेपेगची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलच्या पुढे जात नाही. त्याहून मोठं काम असेल तर पीएसबी किंवा टिफ प्रकारची फाइल लागेल, आणि संकेतस्थळ ते घेतं का हे आधी पाहावं लागेल.

फोनवर फोटो उघडला की ब्राउझरचं पान आपोआप पुन्हा लोड होतं.

मेमरी संपते. जेपेग ८ एमबीची असली तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ८१९२×४०९६ चा फोटो मेमरीत १२८ एमबी जागा खातो. जुन्या फोनांच्या ग्राफिक चिपा ४०९६ पिक्सेलपेक्षा मोठं चित्र एकसंध घेतही नाहीत, तिथे काळा पडदा दिसतो. तुकड्यांनी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर हे व्हायला नको. होत असेल तर ही तक्रार जरूर करा, फोनच्या मॉडेलसकट. हा दोष तुमच्या फोटोचा नाही.

फोन इकडेतिकडे फिरवला तरी दृश्य फिरत नाही.

आयफोनवर आयओएस १३ पासून हालचालीच्या सेन्सरसाठी परवानगी द्यावी लागते, आणि ती विचारणारी खिडकी बटण दाबल्यावरच येते. एकदा 'नाही' म्हटलं असेल तर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होत नसेल किंवा पॅनोरमा दुसऱ्या कुणाच्या पानात चौकट म्हणून बसवला असेल, तरीही सेन्सर अडतो; तिथे त्या पानाच्या मालकाने चौकटीला परवानगी द्यावी लागते.

एका दिशेला आकाशापासून जमिनीपर्यंत उभी रेघ दिसते. वर डोक्यावर चांदणीसारखा डागही आहे.

दोन्हींचं मूळ एकच. फोटोची डावी आणि उजवी कड प्रत्यक्षात एकमेकींना चिकटलेली आहे हे साध्या फोटो-संपादकाला माहीत नसतं. शार्पनिंग, क्लॅरिटी, नॉइज काढणं, व्हिन्येट यांपैकी काहीही लावलं की दोन्ही कडांवर वेगळा परिणाम होतो आणि रेघ उमटते. वरची आख्खी ओळ तर गोलावर एकाच बिंदूत मिटते, त्यामुळे तिथला बारीकसा फरकही चांदणी होऊन दिसतो.

असले बदल जोडण्याच्या आधी, सुट्या फोटोंवर करा. सगळ्यांवर अगदी सारखे. वेळ गेलेली असेल तर ऑफसेट फिल्टरने फोटो अर्ध्या रुंदीने सरकवा (८००० रुंदीला ४०००, 'रॅप अराउंड' चालू ठेवून), म्हणजे जोड मधोमध येईल. तिथे दुरुस्त करून परत सरकवा. डोक्यावरच्या डागासाठी अ‍ॅफिनिटी फोटोतलं लाइव्ह प्रोजेक्शन वापरा, किंवा घनाची वरची बाजू वेगळी काढून ती साध्या फोटोसारखी साफ करा.

जवळचे खांब, कठडे, फरशीच्या रेषा तुटलेल्या दिसतात; लांबचे डोंगर मात्र नीट जुळतात. सॉफ्टवेअर बदलू का?

सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही. हा पॅरलॅक्स आहे: दोन फोटोंच्या मध्ये भिंगाची जागा सरकली, त्यामुळे जवळच्या वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत हलल्या. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती न फिरता भिंगाच्या आत दिसणाऱ्या छिद्राच्या मध्याभोवती, म्हणजे एंट्रन्स प्युपिलभोवती फिरला पाहिजे. पॅनोरमा हेडची (ट्रायपॉडवर बसवायच्या फिरत्या बैठकीची) सरकती पट्टी यासाठीच असते.

ती जागा शोधायला कॅमेऱ्यापासून साधारण मीटरभरावर एक उभी काठी ठेवा आणि तिच्या रेषेत लांबचा एखादा खांब धरा. जोडी आधी चौकटीच्या एका कडेला, मग कॅमेरा फिरवून दुसऱ्या कडेला आणा. कॅमेरा उजवीकडे वळवताना जवळची काठी खांबाच्या डावीकडे सरकली तर कॅमेरा फार पुढे आहे, मागे घ्या. उजवीकडे सरकली तर पुढे न्या. दोन्ही टोकांना जोडी एकावर एक राहिली की पट्टीवरचा आकडा टिपून ठेवा. झूम भिंगात हा आकडा प्रत्येक फोकल लांबीला वेगळा येतो.

फुल-फ्रेम कॅमेरा आणि १५ मिमी फिशआय (खूप रुंद कोनाचं भिंग) असेल तर कॅमेरा उभा धरून ६० अंशांवर सहा फोटो, एक वर, एक खाली, इतकं पुरतं. शेजारच्या दोन फोटोंत २५ ते ३० टक्के भाग सामाईक ठेवा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही हाताने बांधून ठेवा. ऑटोवर सोडलं तर सूर्याकडचा फोटो गडद आणि उलट्या बाजूचा फिका येतो, मग आकाशात पट्टे पडतात.

हातात फोन धरून काढताना लोक स्वतःभोवती गिरकी घेतात आणि फोन हातभर लांब वर्तुळात फिरतो. फोन जागेवर ठेवून आपण त्याच्याभोवती फिरायचं असतं. दिसायला विचित्र दिसतं, पण देवळाच्या सभामंडपासारख्या अरुंद जागेत याशिवाय जुळत नाही. कड्याच्या टोकावर मात्र हा प्रयोग करू नये.

क्षितिज लाटेसारखं वर-खाली का होतं?

कॅमेरा समतल नव्हता. गोल थोडा कलला की क्षितिज एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली जातं. ह्यूजिन किंवा पीटीगुईमध्ये इमारतींच्या कडा, दाराच्या चौकटी अशा खऱ्या उभ्या रेषांवर 'उभी रेषा' प्रकारचे कंट्रोल पॉइंट (जुळणीसाठी हाताने नेमलेले बिंदू) द्या. एकमेकांपासून सुमारे ९० अंशांवरच्या दोन-तीन रेषा पुरतात. डोंगरांच्या रांगेवरून क्षितिज ठरवू नका, ती कधीच सपाट नसते. व्हीआर चष्म्यातून पाहणाऱ्याला एक-दोन अंशांचा कलही अस्वस्थ करतो, म्हणून 'चक्कर आली' असा अभिप्राय आला की आधी क्षितिज पाहा. कॅमेरा जमिनीपासून १.५ ते १.६ मीटरवर असेल तर उभ्या माणसाच्या नजरेशी जुळतं.

माझ्या संगणकावर रंग झकास, अपलोडनंतर फिके. संकेतस्थळ रंग बिघडवतं का?

फाइल अ‍ॅडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो या जास्त रंग सामावणाऱ्या रंगपद्धतींत असेल तर असं होतं. फिरता पॅनोरमा दाखवणारे बरेच व्ह्यूअर रंगांचं प्रोफाइल वाचत नाहीत. निर्यात करताना एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत रूपांतर करा.

ट्रायपॉड झाकायला खाली मोठा लोगो लावला तर लोक नाराज का होतात?

कारण खाली पाहिल्यावर जमीन हवी असते. ट्रायपॉड बाजूला करून हातात कॅमेरा धरून जमिनीचा एक जादा फोटो काढा आणि तो खालच्या बाजूवर बसवा. मातीवर, गवतावर क्लोन टूलनेही काम भागतं. फरशीवर भागत नाही. लोगो ठेवायचाच असेल तर लहान ठेवा.

नकाशावर माझ्या फोटोची दिशा चुकीची दिसते.

फोनमधलं होकायंत्र लोखंडाजवळ बहकतं: गाडीचं टप, लोखंडी कठडा, कधी ट्रायपॉडचीच चुंबकी पट्टी. सह्याद्रीच्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतो, त्यामुळे उघड्या कातळावरही सुई हलू शकते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एक अंशाहूनही कमी आहे, तेव्हा दोष त्याला देता येत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे फोटोत दिसणारी एखादी लांबची खूण (शिखर, पाण्याची टाकी, मनोरा) उपग्रह नकाशावर शोधून तिची दिशा हाताने भरणं.

मराठीत नाव टाकून शोधलं तर माझाच फोटो सापडत नाही!

या तक्रारीकडे संकेतस्थळं फार कमी लक्ष देतात, आणि ती बहुतेक वेळा रास्त असते. 'किनाऱ्यावर' या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर ऱ, हलन्त आणि य, तर दुसऱ्यावर र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. जोडाक्षर विशिष्ट रूपात दिसावं म्हणून 'हरिश्चंद्रगड'मध्येही काही कीबोर्ड असंच अदृश्य चिन्ह घालतात. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची भर: सह्याद्री, सह्याद्रि.

हे दुरुस्त करणं संकेतस्थळाच्याच हातात आहे. शोध घेण्याआधी अदृश्य चिन्हं काढून टाकायची, ऱ आणि र एकच धरायचे आणि युनिकोडचं (संगणकावरच्या अक्षरसंकेतांचं) एकच प्रमाण रूप वापरायचं, एवढं करावं लागतं. कळवताना दोन्ही रूपं वेगवेगळ्या ओळींवर कॉपी-पेस्ट करून पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये फरक दिसणारच नाही, म्हणून तो इथे निरुपयोगी. दुरुस्ती होईपर्यंत टॅगांत दोन्ही रूपं आणि रोमन लिपीतलं नावही घाला.

ठिकाणाच्या नावांबद्दल आणखी एक. रायगड आणि सिंधुदुर्ग ही किल्ल्यांचीही नावं आहेत आणि जिल्ह्यांचीही. टॅगात 'किल्ले रायगड' असं स्पष्ट लिहा. छत्रपती संभाजीनगरच्या फोटोला जुनं नावही टॅग म्हणून द्या, कारण शोधणारे अजून दोन्ही नावांनी शोधतात.

तक्रार कशी लिहिली की तिच्यावर खरंच काम होतं?

'फोटो नीट दिसत नाही, लवकर दुरुस्त करा' यावर कुणीही काही करू शकत नाही. दुरुस्त करणाऱ्याला तोच दोष स्वतःच्या पडद्यावर घडवून पाहायचा असतो. त्यासाठी पॅनोरमाचा पूर्ण पत्ता, फोन किंवा संगणकाचं मॉडेल, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, नेट वायफायचं की मोबाइलचं, दिवस आणि वेळ, एवढं हवं. मग तीन वाक्यं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

पॅनोरमाच्या तक्रारीत दिशा हा जादा मुद्दा असतो. 'उजवीकडे रेघ आहे' म्हणजे कुठे? प्रत्येकाची उजवी बाजू वेगळी. संकेतस्थळ सध्याच्या दृश्याचा दुवा देत असेल तर तोच पाठवा. नसेल तर अंश लिहा: 'उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १२० अंश, क्षितिजाखाली ३० अंश, झूम पूर्ण.' पत्ता, मॉडेल, आवृत्ती आणि वेळ वर लिहिल्यावर उपयोगी तक्रारीचा नमुना असा:

'अँड्रॉइड १३, क्रोम, मोबाइल नेट. पॅनोरमा उघडून पूर्ण पडदा केला आणि फोन आडवा धरला. दृश्य आडवं भरायला हवं होतं. ते उभंच राहिलं आणि अर्धा पडदा काळा झाला. फायरफॉक्सवर असं होत नाही.'

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण त्याने शोध निम्म्यावर येतो. एका पत्रात एकच दोष लिहा. पाच एकत्र लिहिले तर सोपा तेवढा सुटतो आणि तक्रार 'निकाली' म्हणून बंद होते. 'हे आपोआप फिरणं बंद करा' अशी सूचना असेल तर कारणही द्या; मळमळ होते हे कारण पुरेसं वजनदार आहे.

दुसऱ्याच्या पॅनोरमावर काय लिहावं? 'छान!' पुरत नाही का?

आनंद देतं, उपयोगी पडत नाही. जोडातली चूक दिसली तर दिशेसकट सांगा आणि शक्य असेल तर कारणही: 'दक्षिणेकडच्या पायरीची रेषा तुटली आहे, पॅरलॅक्स वाटतो.' दोनदा दिसणारा माणूस, अर्धाच कुत्रा, सावली असून माणूस नाही असल्या गोष्टी मास्क (कुठे कुठला सुटा फोटो दिसावा हे ठरवणारी खूण) बदलून सुटतात. काढणाऱ्याकडे सुटे फोटो असेपर्यंतच, म्हणून लवकर सांगा. ठिकाणाचं नाव चुकलं असेल तर खासगी संदेश बरा.

दोन मतांत ५ तारे असलेला फोटो ३०० मतांच्या ४.७ च्या खाली का?

कारण दोन मतं मित्रांचीही असू शकतात. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक फोटोला सुरुवातीला काही 'सरासरी' मतं धरून चालतात. समजा संकेतस्थळाची सरासरी ३.८ आहे आणि तिला १० मतांचं वजन दिलं. मग दोन मतांचा ५ होतो ४.०, आणि ३०० मतांचा ४.७ जवळपास तसाच, ४.६७, राहतो. पद्धत न्याय्य आहे. ती जाहीर न करणं मात्र चुकीचं, आणि त्याबद्दल विचारायचा हक्क वापरणाऱ्याला आहे.

फोटोत माझं घर किंवा चेहरा आला आहे. काढायला सांगता येतं का?

येतं. पॅनोरमात 'मी चौकटीबाहेर होतो' असं नसतंच. जो तिथे होता तो फोटोत आला. आधी काढणाऱ्याला लिहा, मग संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याचं नाव आणि संपर्क जाहीर असावा लागतो. काढणाऱ्यांनी चेहरे आणि गाड्यांचे नंबर अपलोडपूर्वीच धूसर करावेत. नंतर केलं तर आधीचे तुकडे कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) काही काळ शिल्लक राहतात.

घराच्या आतला फोटो टाकताना जीपीएसची माहिती पुसा. पक्ष्याचं घरटं किंवा दुर्मीळ वनस्पती असेल तर स्थान मुद्दाम ढोबळ ठेवा. कासच्या पठारावर नेमका बिंदू दिला की पुढच्या रविवारी तिथे पावलं उमटतात.

परवानगी कशाकशाला लागते? आणि कुणी माझा फोटो उचलला तर?

केंद्रीय संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायचा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून आधी परवानगी घ्या. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते पाहा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे इमारतीचा आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. भिंतीवरच्या चित्राला तशी स्पष्ट सवलत नाही.

तुमचा फोटो चोरीला गेला तर दोन्ही पत्ते आणि मूळ सुट्या फोटोंपैकी एखादा पाठवा. जोडलेला पॅनोरमा कुणीही उतरवून घेऊ शकतो. त्यामागच्या आठ रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइली फक्त काढणाऱ्याकडे असतात. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना एकदा दिला की ज्यांनी त्याप्रमाणे वापर केला त्यांच्याकडून तो मागे घेता येत नाही.

संकेतस्थळच बंद पडलं तर?

पडतात. पॅनोरॅमिओ २००५ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालं, २००७ मध्ये गूगलने घेतलं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद केलं. मायक्रोसॉफ्टचं फोटोसिंथ फेब्रुवारी २०१७ मध्ये गेलं. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये. फोटो उतरवून घ्यायला साधारण मुदत मिळते. प्रतिक्रिया, दृश्यसंख्या आणि नकाशावरची जागा मात्र सोबत येईलच असं नाही.

स्वतःकडे चार गोष्टी ठेवा: रॉ फाइली, जोडणीची प्रोजेक्ट फाइल, पूर्ण आकाराची १६ बिट टिफ आणि टॅगांसकटची जेपेग. शीर्षक, वर्णन आणि अक्षांश-रेखांश एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये त्याच फोल्डरात टाका, आणि आवडीच्या प्रतिक्रियांचं पान पीडीएफ करून ठेवा. पॅनेलम किंवा मार्झिपानोसारखा मुक्त व्ह्यूअर घेतला तर हेच फोटो स्वतःच्या जागेवर दाखवता येतात. पॅनेलमला २:१ ची जेपेग थेट चालते. मार्झिपानोच्या साधनात फोटो टाकला की ते तुकडे पाडून तयार फोल्डर देतं.